फिलूचा डावा हात

हे लिहिणाऱ्याची शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट थोमा लोंढेची आहे. स्वतःबद्दल लिहायचा संकोच वाटतो, म्हणून थोमाला ‘तो’च म्हटलं आहे.

“सिस्टर, हिचा डावा हात कापून टाकला तर चालेल का?”

मार्थाबाईंनी व्हरांड्याची पायरी चढता चढताच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

सिस्टर अट्रॅक्टा लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला म्हणालीस?”

“डावा.”

“मग चालेल. जेवायला उजवा राहतोय.”

मार्थाबाई धपकन बाकावर बसल्या. त्यांच्या मागे थोमा होता, आणि थोमाच्या मागे त्याची धाकटी बहीण फिलोमिना, म्हणजे फिलू. दोघांच्या मध्ये प्लायवूडचा एक मोठा चौकोनी बोर्ड. पुढचं टोक त्याच्या हातात, मागचं तिच्या हातात. रेल्वे कॉलनीपासून टेकडीवरच्या कॉन्व्हेंटपर्यंत त्यांनी तो असाच वाहून आणला होता, आणि वाटेत एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

“ठेव खाली,” थोमा म्हणाला.

फिलू म्हणाली, “आई, दादाला सांग, मला कळतंय.”

चार दिवस हे असंच चाललं होतं. ती त्याच्याशी थेट बोलत नव्हती. जेवताना मीठ हवं असलं तरी आईमार्फत.

सिस्टर साठ वर्षांपूर्वी आयर्लंडहून इगतपुरीला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. गावात कुणाला अट्रॅक्टा म्हणता येईना, म्हणून सगळे त्यांना आत्या सिस्टर म्हणत. मराठी त्या कॉन्व्हेंटच्या धुणंवालीकडून शिकल्या. त्यामुळे देवाबद्दल बोलताना जरा अडखळत, रागवायला लागल्या की अजिबात अडखळत नसत.

येताना त्यांनी आपल्या गावचा नाच बरोबर आणला होता. शाळेतल्या पोरींना त्या तो शिकवत.

या नाचात कमरेवरचं सगळं थांबलेलं असतं आणि कमरेखाली सगळी धावपळ. हात दोन्ही बाजूंना सरळ, मुठी मिटलेल्या, मान ताठ. पायात कडक टाचांचे, कडक चवड्यांचे बूट, त्यांचा लाकडावर ताल वाजतो. वरून बघावं तर मुलगी प्रार्थनेला उभी आहे. खालून बघावं तर गाडी कसारा घाट चढते आहे.

पुढे सिस्टरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मुंबईत क्लास काढला. तिथे दरवर्षी स्पर्धा होऊ लागली. आयर्लंडहून परीक्षक बाई यायच्या, पुण्याच्या, बंगळूरच्या मुली यायच्या.

आणि इगतपुरीहून लोंढे कुटुंब जायचं.

फिलू दोनदा दुसरी आली. दोन्ही वेळा परीक्षक बाईंच्या कागदावर एकच शेरा होता. डावा हात.

हात वर जायचा. फार नाही, वीतभर. तिसऱ्या वळणाला बरोबर उठायचा, जसं कुणी हाक मारल्यावर वर्गात हात वर करावा, आणि लगेच खाली यायचा. पण परीक्षक बाईंना तेवढं पुरत होतं.

यंदा पहिल्या येणाऱ्या मुलीला ईस्टरला आयर्लंडला नेणार होते. मोठ्या स्पर्धेला. ती स्पर्धा उद्यावर आली होती.

आणि काल फिलूने नाचताना घालायचा कुरळ्या केसांचा टोप खोक्यात ठेवला, खोक्याला दोरी बांधली आणि जाहीर केलं, “त्या हाताचंच तिकीट काढा. मला यायचं नाही. यापुढे नाचायचंही नाही.”

“बघा आता,” मार्थाबाई म्हणाल्या. “चार वर्षं, सिस्टर, चार वर्षं मी हिच्या झग्याला टिकल्या लावतेय. माझ्या बोटांना भोकं पडली. घरातले पडदे तसेच फाटलेत. लग्नाकार्याला आम्ही जात नाही, कारण हिची प्रॅक्टिस असते. नाताळात मी करंज्या कमी केल्या आणि टोप विंचरला. आणि आता ही म्हणते, यायचं नाही!”

“करंज्या कमी केल्यास, ते मलाही कळलं,” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्हाला चेष्टा सुचते.”

“मला लसूण सुचतोय. बोल तू.”

पण मार्थाबाईंचा दम गेला होता. त्यांनी पदराने वारा घेतला आणि थोमाकडे बोट केलं.

“याला विचारा. हाच शिकवतो ना.”

थोमाने घसा खाकरला. माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. वय तेवीस. लहानपणी तोही याच व्हरांड्यात नाच शिकला होता, सगळ्या पोरींमध्ये एकटा मुलगा. मग शाळा सुटली, घोटीच्या फर्निचरच्या कारखान्यात लागला, नाचही सुटला. सिस्टरांचे डोळे गेले तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं होतं, “फिलूला यापुढे तू शिकव.”

तेव्हापासून थोमा शिकवत होता. बोर्ड त्याने केला. बुटांच्या टाचा त्याने ठोकल्या. सगळी पावलं त्याला पाठ होती, फिलूपेक्षाही.

कॉलनीत लोक म्हणत, थोमाने पोरगी घडवली. तो मान खाली घालायचा. लाजाळू माणसाला एक सोय असते, मान खाली घातली की गर्व कुणाला दिसत नाही.

“सिस्टर,” तो म्हणाला, “मी सगळं करून बघितलं.”

“सगळं?”

“हो.”

“सांग.”

त्याने सांगितलं.

आधी त्याने फिलूच्या मुठीत रुपयाचं नाणं ठेवलं. नाणं पडलं तर नाच पहिल्यापासून. नाणं एकदाही पडलं नाही. हात नाण्यासकट वर गेला.

मग आईने झग्याच्या बाहीत शिशाचे तुकडे शिवले, गळाला लावतात तसले. वजनाने हात खाली राहील म्हणून. तिसऱ्या वळणाला एक तुकडा सुटला आणि येशूच्या तसबिरीची काच गेली.

मग वडिलांनी डोकं लढवलं. अगस्तीन लोंढे स्टेशनवर पॉइंट्समन. त्यांनी रेल्वेची जाड सुतळी आणली, फिलूचं कोपर कमरेच्या पट्ट्याला बांधलं. सुतळी तुटली नाही. पट्टा तुटला.

“आणि बायबल सांग,” मार्थाबाई म्हणाल्या.

थोमाचे कान आणखी लाल झाले.

“काखेत बायबल धरायला सांगितलं. ते पडू द्यायचं नाही म्हटल्यावर हात आपोआप जवळ राहतो.”

“राहिला?”

“बायबल आहे तोवर राहिला.”

“रविवारी सगळे प्रार्थनेला बसलो,” मार्थाबाई म्हणाल्या, “आणि हे ओरडतायत, बायबल कुठंय, बायबल कुठंय. मी म्हटलं, तुमच्या पोरीच्या काखेत! घामानं भिजलेलं बायबल वाचलं आम्ही, सिस्टर. पानं चिकटली होती. निर्गमाच्या पुस्तकातून एकदम राजे एक.”

सिस्टर हसल्या. हसताना त्यांचा सगळा चेहरा मिटायचा. फिलूलाही हसू आलं होतं, पण तिने ते केळीच्या झाडाकडे तोंड करून गिळलं.

थोमा मात्र हसला नाही.

“उद्या स्पर्धा आहे, सिस्टर.”

“माहीत आहे.”

“ही जात नाही म्हणते.”

“ऐकलं.”

“तुम्ही फक्त सांगा, हात खाली कसा ठेवायचा. तेवढं कळलं की ही येईल. एवढंच उरलंय. बाकी सगळं मी पक्कं करून घेतलंय हिच्याकडून. बाकी कशाला बोट ठेवायला जागा नाही.”

“मी?”

“म्हणजे... तिने. आम्ही.”

सिस्टरांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि हात झटकले.

“नाचू दे.”

“मी नाही नाचणार,” फिलू म्हणाली.

“त्यांच्यासाठी नको नाचूस. मला चार वर्षांत कुणी नाच ऐकवला नाही. म्हातारीला ऐकव.”

 फिलूने खाली बसून बूट चढवले. थोमा लेस बांधायला वाकला, तिने पाय मागे घेतला आणि स्वतःच बांधली.

थोमाने मोबाईल काढला, धून शोधू लागला.

“ते बंद कर,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडानेच धून धरली. शब्द नाहीत, नुसतं डिडल-डम, डिडल-डी. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आवाज, पण तालाला घड्याळासारखा.

थोमा आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. फिलू बोर्डावर चढली.

ती नाचू लागली.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं...

“गेला!” मार्थाबाई ओरडल्या. “बघा, गेला वर! बघितलात?”

“मला दिसत नाही, मार्था.”

“हो. चुकलं.”

सिस्टरांनी धून थांबवली होती. त्या डोकं एका बाजूला कलवून बसल्या होत्या, दाराबाहेर कोण आलंय ते ओळखताना बसतो तसं.

“बोर्डावर किती जण आहेत?” त्यांनी विचारलं.

“एकटी फिलू,” थोमा म्हणाला.

“मला तीन पाय ऐकू येतायत.”

...

मार्थाबाईंनी वाकून मुलीच्या पायांकडे बघितलं. मोजलेसुद्धा असतील.

थोमा लगेच गुडघ्यावर बसला. लाकडाचं काम त्याच्या हातातलं होतं.

“बोर्ड हलत असेल, सिस्टर. फरशी सपाट नाही. एक कोपरा उचलला जातोय, त्याचा आवाज.”

त्याने खिशातून कागद काढला. परीक्षक बाईंच्या शेऱ्याचा कागद होता तो. त्याची घडी करून कोपऱ्याखाली सारली. बोर्ड चारी बाजूंनी दाबून बघितला. हूं की चूं नाही.

“आता बघा.”

पुन्हा धून. पुन्हा फिलू. पहिलं वळण, दुसरं, तिसरं...

“गेला,” मार्थाबाई हळू म्हणाल्या.

“तीन,” सिस्टर म्हणाल्या.

“मग भिंतीवरून आवाज परत येत असेल,” थोमा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “व्हरांडा आहे हा. घुमतो.”

“साठ वर्षं मी या व्हरांड्यात नाच ऐकतेय.”

“मग मला नाही कळत!”

एवढ्या मोठ्याने तो सिस्टरांसमोर कधी बोलला नव्हता. स्वतःच दचकला.

“मला नाही कळत, सिस्टर. मी हाताचं विचारायला आलो, तुम्ही पायाचं सांगताय. उद्या सकाळची गाडी आहे. हिचे पाय चांगलेच आहेत. पायांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. तुम्ही तीन पाय, तीन पाय... तिसरा पाय कुणाचा असणार इथं?”



सिस्टरांनी पुन्हा धून धरली. फिलू नाचली नाही. ती बोर्डावर नुसती उभी राहिली, हात खाली, मुठी मिटलेल्या.

डिडल-डम, डिडल-डी.

आणि बोर्डाच्या डाव्या बाजूला, फरशीवर, एक टाच वाजत होती.

टक. टक. टक-टक.

“दादा,” फिलू म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा. “तुझा पाय.”

थोमाने खाली बघितलं.

त्याची उजवी टाच उठत होती आणि पडत होती. तो बघत असतानाही ती एकदा पडली.

“माझा...?”

“तुझा.”

“मी ताल देतो फक्त.”

“कुणाला?” सिस्टरांनी विचारलं.

“हिला.”

“मागितला होता?”

...

“तू कुठं उभा आहेस, थोमा?”

“इथंच. बोर्डाशेजारी.”

“कुठल्या बाजूला?”

 घरी तो डावीकडे उभा राहायचा, कारण उजवीकडे कपाट होतं. मुंबईच्या हॉलमध्येही पडद्यामागे डावीकडेच उभा राहायचा, कारण सवय.

“डावीकडे,” मार्थाबाईंनी त्याच्या वतीने सांगितलं.

फिलू बोर्डाकडे बघून बोलू लागली.

“तिसऱ्या वळणाला याची टाच आधी पडते, सिस्टर. माझी नंतर. मला वाटतं मी मागे राहिले, मग मी धावते आणि हात उठतो. दरवेळी. मी याला म्हटलं, तू तिथं उभा राहू नकोस. हा म्हणाला, मी नसलो तर तुला जमणार नाही.”

“असं म्हणालो नव्हतो मी.”

“म्हणालास. सोमवारी. भाजी चिरताना.”

थोमाला आठवलं. तो खरंच तसं म्हणाला होता. वाईट मनाने नव्हे.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “चूक झाली. नाही वाजवत पाय. एवढंच ना? घ्या धून.”

त्याने डावा पाय उजव्या पायावर ठेवला आणि घट्ट उभा राहिला.

धून सुरू झाली, फिलू नाचू लागली, आणि दुसऱ्या वळणाला थोमाची बोटं मांडीवर वाजू लागली.

“बोटं!” मार्थाबाई म्हणाल्या.

त्याने हात पाठीमागे बांधले. मान हलू लागली.

“मान रे!”

त्याने मान भिंतीला टेकवली. आता श्वास तालावर येऊ लागला, नाकातून, फुस-फुस, इंजिनासारखा.

“अरे, काय हे!” मार्थाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “एक बंद करावं तर दुसरं सुरू! बायबल आणू का तुझ्या काखेत द्यायला?”

फिलू मधेच थांबली. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं.

थोमा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. स्वतःच्या अंगावर आपला हक्क नाही हे माणसाला असं तिघांदेखत कळलं, की तो बिचारा करणार काय?

“थोमा,” सिस्टर म्हणाल्या.

“हं.”

“पाणी आण.”

“आत्ता?”

“तहान आत्ता लागली.”

तो तांब्या घेऊन गेला. पिण्याच्या पाण्याचा नळ कॉन्व्हेंटच्या मागे, टाकीपलीकडे होता. धार करंगळीएवढी. तांब्या खाली धरून तो उभा राहिला आणि मनातल्या मनात चिडत राहिला. सिस्टरांवर चिडला, फिलूवर चिडला, आईवर चिडला, आणि सगळ्यात जास्त त्या टाचेवर.

मग भिंतीपलीकडून आवाज आला.

बुटांचा.

सिस्टरांची धून एवढ्या लांबून ऐकू येत नव्हती. नुसते पाय. दोन.

थोमाने हा नाच हजार वेळा तरी ऐकला असेल, पण नेहमी बोर्डाच्या शेजारून. लांबून कधीच नाही. ओळखीचा होता आणि ओळखीचा वाटत नव्हता.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला...

पाय थांबले.

किंचित. एक श्वास घेण्याइतके. थोमाने तिथे थांबायला कधी शिकवलं नव्हतं. तिथे तर त्याने घाई शिकवली होती. त्याला वाटलं, चुकली, अडली, आता पडते. त्याने एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

आणि मग दोन्ही टाचा एकदम पडल्या, सावकाश, जाणूनबुजून, आणि नाच पुढे निघाला.

तांब्या कधीच भरला होता. पाणी त्याच्या मनगटावरून, कोपरावरून, बुटांत उतरत होतं.

तो परत आला तेव्हा नाच संपला होता. फिलू पायरीवर बसून बूट सोडत होती. मार्थाबाई गप्प होत्या. त्या गप्प बसल्या की घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटायचं.

थोमाने सिस्टरांच्या हातात तांब्या दिला.

“हात?” त्याने विचारलं.

फिलू लेस सोडत राहिली.

“आई, हात राहिला का खाली?”

मार्थाबाईंनी फिलूकडे बघितलं. फिलूने मान हलवली, नको अशी. मार्थाबाई पुन्हा पदराने वारा घेऊ लागल्या.

“सिस्टर?”

“मला दिसत नाही रे,” सिस्टर म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. घोट घोट, पूर्ण तांब्या.

“पण पाय किती...?”

“गार आहे पाणी. चांगलं आणलंस.”

 थोमाने वाकून बोर्डाचं टोक उचललं. दुसरं टोक फिलूने उचललं. मार्थाबाई मागून लसणाची एक पुडी घेऊन आल्या, सिस्टरांनी दिलेली.

या वेळी पुढे फिलू होती. उतारावर बोर्ड पुढे ओढत होता आणि तिला तो बरोबर पेलत होता.

रेल्वेच्या फाटकाशी त्यांना थांबावं लागलं. मालगाडी जात होती.

“उद्या मी जाणार आहे,” फिलू म्हणाली. मागे न बघता, पण त्यालाच.

थोमाचा जीव भांड्यात पडला.

“मग मी पहाटे सगळं भरून ठेवतो. टोप, बूट, टेप, टाचण्या...”

“तू येऊ नकोस, दादा.”

डबे जात होते. एक, एक, एक.

“टोपाच्या टाचण्या कोण लावणार?”

“आई.”

“धून?”

“ते लोक लावतात.”

“बुटाची टाच सैल झाली तर?”

“तू पक्की ठोकलीयेस.”

मालगाडी संपली. फाटक उघडलं. मागून एक रिक्षा पों-पों करू लागली.

“मग मी काय करू?” थोमाने विचारलं.

फिलू बोर्ड ओढत पुढे निघाली. रागाने नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी थोमाने त्यांना स्टेशनवर पोचवलं. झग्याची लांब पिशवी त्याने डब्यात वर ठेवली, टोपाचं खोकं सीटखाली सरकवलं. आईला तीन वेळा सांगितलं की डाव्या बुटाची लेस दुहेरी गाठीने बांध, आणि चौथ्यांदा सांगणार होता, तेवढ्यात फिलूने त्याच्याकडे बघितलं. तो खाली उतरला.

गाडी सुटली. डब्यांच्या दारांचे दांडे त्याच्या हाताच्या अंतरावरून गेले. एक, दोन, तीन दांडे. प्रत्येकाला त्याला हात घालावासा वाटला.

शेवटचा डबा गेल्यावर प्लॅटफॉर्मच्या टोकाला अगस्तीन लोंढे दिसले. ड्यूटीवर होते.

“तू चढला नाहीस?”

“नाही.”

“काही विसरलास?”

“नाही.”

अगस्तीननी मुलाकडे जरा वेळ बघितलं. मग खिशातून पुडी काढून चणे त्याच्या हातावर ओतले आणि ते रुळांकडे निघून गेले.

थोमा घरी गेला. घर कधी नव्हे ते मोकळं होतं. बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. त्याने तो पुसला. पुन्हा पुसला. मग कंटाळून टेकडीची वाट धरली.

सिस्टर मागच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. त्यांनी चालण्यावरूनच ओळखलं.

“थोमा. बरं झालं आलास. कोथिंबिरीत गवत वाढलंय म्हणतात. काढ.”

तो वाफ्यात बसला. गवत उपटू लागला. कोथिंबीरही थोडी उपटली गेली, ती त्याने गुपचूप मातीत परत खोचली.

“कोथिंबिरीचा वास येतोय,” सिस्टर म्हणाल्या.

“चुकून, सिस्टर.”

...

शाळेची दहाची घंटा झाली.

थोमाचा हात थांबला. त्याने खिशातून मोबाईल काढला. आईचा नंबर वर आणला. अंगठा नुसता वर धरून ठेवला.

“सिस्टर, आता तिची पाळी असेल.”

“असेल.”

“अर्ध्या तासात निकाल लागतो.”

“लागू दे.”

“मग फोन करून विचारू का, कसं झालं ते?”

 कुंपणावरचा एक कावळा उडून गेला.

“ती सांगेल तुला,” सिस्टर म्हणाल्या.

“आणि नाही सांगितलं तर?”

सिस्टरांनी आपलं तोंड उन्हाकडे फिरवलं.

“तू विचारलं नाहीस तर सांगेल.”